आर वन फाइव्ह: व्ही वन भारी का व्ही फोर? तुमचे प्रश्न, मिस्त्रीचे उत्तरं

कापसाचे पैसे हातात आले की यामाहाची स्पोर्ट बाईक आर वन फाइव्ह सेकंडहँड शोधणाऱ्या पोट्ट्यांचे फोन सुरू होतात आणि सगळ्यांचा प्रश्न तोच, व्ही वन ते व्ही फोर यातलं कोणतं व्हर्जन घेऊ. दरवेळी तेच सांगून तोंड दुखते, म्हणून यावेळी लिहूनच टाकतो.

आमच्या ग्रुपमध्ये भांडणं होऊन राहिले. रेसच्या ट्रॅकसाठी सगळ्यात भारी व्हर्जन कोणतं? (दारव्हा)

पहिले हे सांगा भाऊ, ट्रॅक कुठं आहे? कोइम्बतूरला, चेन्नईजवळ, ग्रेटर नोएडाला. दारव्ह्यात तर नाही. तरी ऐका. 2008 ची व्ही वन म्हणजे 149 सीसी, पॉवर 17 पीएस, टॉर्क म्हणजे ओढ 15 न्यूटन मीटर आणि तो 7500 आरपीएमलाच भेटते, म्हणून जुने लोक तिचं गुण गातात, पण मागचा टायर फक्त 100 मिलिमीटर रुंद. 2011 च्या व्ही टूला इंजिन जवळपास तेच, पण मागचं चाक धरणारा चिमटा (स्विंगआर्म) अ‍ॅल्युमिनियमचा आला, मागं 130 चा रेडियल आला, व्हीलबेस म्हणजे दोन चाकांमधलं अंतर 1290 वरून 1345 मिलिमीटर झाला, वळणात गाडी धरून बसते ती इथून पुढं. 2018 ला व्ही थ्री, 155 सीसी, स्लिपर क्लच (पटकन गिअर खाली टाकला तरी मागचं चाक झटका खात नाही) आणि व्हीव्हीए, म्हणजे 7400 आरपीएमच्या वर इनटेकचा दुसरा कॅम लागते, पॉवर 19.3 पीएस पण ती निघते 10000 आरपीएमला. धुराच्या नव्या नियमात, म्हणजे बीएस सिक्समध्ये, ती 18.6 वर आली. 2021 ची व्ही फोर 18.4 ची, पण पुढं यूएसडी म्हणजे उलटे बसवलेले शॉकअप आणि चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल.

माझी पसंत विचाराल तर 2019 मधली बीएस फोर व्ही थ्री, एबीएसवाली. एबीएस त्याच वर्षाच्या सुरुवातीला आलं आणि वर्षाच्या शेवटी बीएस सिक्स आली, म्हणून अशा गाड्या कमी आहेत. पण चांगली ठेवलेली व्ही टू समोर असली आणि व्ही थ्री आदळलेली असली तर व्ही टूच घ्या. गाडी न पाहता व्हर्जनवर भांडणाऱ्यांना काय म्हणावं बावा.

समृद्धीवर व्ही थ्रीची टॉप किती निघेल? (कारंजा)

समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. पुढचा.

आईला मागं बसवून तालुक्याला न्यावं लागते, कोणती घेऊ? (आर्वी)

व्ही वन किंवा आर वन फाइव्ह एस, दोन्हीची सीट सलग आहे. खरं सांगू का, आईला विचारा, ती साधी गाडीच घे म्हणेल आणि तिचं बरोबर आहे.

व्ही टू गरम होते. कूलंट संपलं होतं, बोअरचं पाणी टाकलं. मिस्त्री म्हणते सिलेंडर घासून मोठं करू, म्हणजे बोअर मारू, आणि ओव्हरसाइज पिस्टन टाकू, नवीसारखी होईल. खर्च किती येईल? (मोर्शी)

थांबा. गाडी पहिले बंद करा आणि हा प्रश्न जरा नीट समजून घ्या, कारण दर उन्हाळ्यात हेच होते आणि दर उन्हाळ्यात मी हेच ओरडतो.

या इंजिनच्या सिलेंडरात लोखंडी लायनरच नाही. डायसिल म्हणतात त्याला, अ‍ॅल्युमिनियममध्ये वीसेक टक्के सिलिकॉन, पिस्टन थेट त्याच्यावर घासते आणि सिलिकॉनचा कडकपणा त्याला झिजू देत नाही. त्याला जुन्या गाडीसारखं बोअर मारलं की संपलं. कोणी म्हणते आत लोखंडी नळी, म्हणजे स्लीव्ह, टाकून देतो, चालते म्हणे कुणाची तरी. चालत असेल, पण उष्णता स्लीव्हमधून अ‍ॅल्युमिनियममध्ये जाताना अडते आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर असते. सिलेंडरला ओरखडे पडले असतील तर सिलेंडर आणि पिस्टन दोन्ही नवीन, दुसरा रस्ता नाही. पण ओरखडे पडलेच आहेत का हे उघडल्याशिवाय मी सांगू शकत नाही, तुमचा मिस्त्रीही नाही.

आता मूळ कारण. आपल्या भागात बोअरच्या पाण्यात क्षार असते, घरच्या हीटरच्या कॉइलवर पांढरा थर पाहिला ना, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसते. साध्या पाण्यात गंज रोखणारं काही नाही, उकळतेही लवकर. बरं, कूलंट संपलं तर गेलं कुठं? पाणी टाकून मोकळं होण्याआधी हे कोणी विचारत नाही. होजपाइप पहा, वॉटर पंपाचं सील पहा, इंजिन ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी अजिबात चालू करू नका. रेडिएटरच्या जाळीत काळी माती आणि सोयाबीनचं कुटार अडकलेलं असते, ते ब्रशनं हळू काढा, वॉशिंगवाल्यानं प्रेशरचा फवारा जवळून मारला की पाती वाकतात आणि हवा जात नाही. फॅन फिरते का तेही पहा. आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, म्हणजे नाही, तोंड भाजते.

तापल्याचा दिवा लागल्यावर "गावापर्यंत तर जाऊ" म्हणणारे लय आहेत. त्या आठ-दहा किलोमीटरमध्येच सिलेंडर जाते. तर दादा, खर्च नंतर, गाडी टेम्पोत टाकून डायसिल माहीत असलेल्या मिस्त्रीला किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा.

ऑनलाइन चिप भेटते, पाच पीएस वाढते लिहिलं आहे. टाकू का? (उमरखेड)

नाही. 155 सीसीतून एका वायरनं पाच पीएस निघत असते तर कंपनीनंच काढले नसते का? सायलेन्सर बदलून नुसता आवाज वाढते, आणि चलान.

एजंट 2010 ची व्ही वन दाखवून राहिला, मीटरवर 18,000 किलोमीटर. खरं असेल का? (मूर्तिजापूर)

मीटर काही साक्षीदार नाही, मागं फिरवून देणारे गल्लोगल्ली आहेत. चेन स्प्रॉकेटचे दात पहा, डिस्क किती झिजली पहा, फुटरेस्टचं रबर पहा, ते खोटं बोलत नाही. हँडल सरळ करून पुढचं चाक कुठं पाहते ते बघा. चेसिसला वेल्डिंग दिसलं तर तिथूनच परत फिरा, या गाडीचं डेल्टाबॉक्स चेसिस म्हणजे सांगाडा, ते गावातल्या वेल्डरचं काम नव्हे.

आणि 2010 च्या गाडीच्या आरसीची पंधरा वर्षं भरली. एजंट "करून देतो नंतर" म्हणेल, पण फिटनेस होऊन पाच वर्षांसाठी रिन्यू झाल्याशिवाय आणि आरसीवरचं फायनान्सचं नाव उतरल्याशिवाय रुपया देऊ नका. इंजिन नंबर, चेसिस नंबर आरटीओत जाऊन जुळवा. व्ही वनवर व्ही टूचे फायबर (बाहेरचे पॅनल) चढवूनही विकतात, मागचा चिमटा पाहिला की समजते.

मुलगा अकरावीत आहे, व्ही फोरचा हट्ट धरून बसला. क्विकशिफ्टर असते म्हणते त्यात. (एक वडील, वणी)

क्विकशिफ्टर म्हणजे क्लच न दाबता गिअर टाकायची सोय, ती सगळ्या व्ही फोरला येत नाही, आणि ती गिअर वर टाकायलाच कामाची. पण त्या वयात 155 सीसीचं लायसनच भेटत नाही. अल्पवयीन पोरानं चालवताना पकडलं तर 25,000 दंड पालकाला, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द. अठरा भरू द्या, लायसन निघू द्या, मग त्याला घेऊन या, आपण गाडी पाहू. सीट 815 मिलिमीटर उंच आहे, पाय टेकतात का तेही तेव्हाच बघू.