उत्तर: 'आमचे महाराज चांगले होते' म्हणणाऱ्या परीक्षकांना काय सांगायचं?

नमस्कार सर. तुमची विद्यार्थिनी 'राजेशाही नको, वसाहतींना स्वातंत्र्य हवं' या बाजूने बोलली आणि परीक्षकांनी "आमचे महाराज चांगले होते, रेल्वे इंग्रजांनीच आणली" म्हणून तिला गप्प केलं, हे वाचलं. आमच्या मुलांचं अगदी हेच झालंय. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, वक्तृत्वाची तयारी करून घेतो, तेव्हा तेवढ्याच बेताने घ्या. व्याख्या वगैरे तिला येत असतीलच.

सावंतवाडीच्या बापूसाहेब महाराजांना वाईट ठरवण्याच्या फंदात पडू नका. चांगले होते, असंच म्हणायचं. मग विचारायचं, १९३७ साली ते गेल्यावर गादीवर कोण आलं? त्यांचा अल्पवयीन मुलगा. त्या पोराचा काय दोष? पण प्रजेला कुणी विचारलं होतं का? चांगला राजा मिळाला तर नशीब, नाही मिळाला तर बदलायची सोय नाही. माझ्या मते राजेशाहीविरुद्ध याहून मोठा मुद्दा नाही.

रेल्वेचं उत्तर तर दारातच आहे. बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ची. रत्नागिरी-सिंधुदुर्गात इंग्रजांनी रूळ टाकलेच नाहीत. कोकण रेल्वे पूर्ण धावली ती २६ जानेवारी १९९८ ला.

मात्र राजा जाणं आणि वसाहत सुटणं यांची सरमिसळ करू देऊ नका. पोर्तुगालचा राजा १९१० मध्येच गेला, गोवा सुटला १९६१ मध्ये! उलट आपण १९४७ ला स्वतंत्र झालो तरी २६ जानेवारी १९५० पर्यंत कागदोपत्री राजा सहावा जॉर्जच होता. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं, पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याला हटवून ब्रह्मदेश मोकळा झाला नाही. १९४८ मध्ये झाला, तेव्हा त्यांनी ना थिबाचा वारस बसवला, ना इंग्लंडचा राजा ठेवला. थेट प्रजासत्ताक.

या थिबाच्या खर्चाचे कागद मुलांना दाखवावेत म्हणून एका कार्यालयात अर्ज दिला होता. लाल फडक्यात बांधलेली दप्तरं समोर कपाटावर दिसत होती, वर धुळीचा थर. आधी साहेब दौऱ्यावर, मग कागद जीर्ण, मग शिफारसपत्र आणा. स्पर्धा उरकल्यावर पत्र आलं, 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग केला आहे.' मुलं हिरमुसली, आणि मला त्याचा अजून राग आहे. जनतेचे कागद जनतेला दाखवायला कसली शिफारस? तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. १८८० चं रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियर वाचनालयात मिळतं का बघा, संस्थान आणि खोती (खोतांमार्फत सारा वसूल करायची पद्धत) समजायला ते पुरतं.

आणि पुढची फेरी बांद्याकडे असेल तर गोव्याचा मुद्दा घाईत उरकू नये. १५ ऑगस्ट १९५५ ला तिथून जवळच, गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. ते डोळ्यांनी पाहिलेल्यांची मुलं-नातवंडं तिथे समोर बसलेली असू शकतात.