ट्रिग कच्चं राहिलंय म्हणून मॅथ्स सोडायचं का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा मराठी मिडियमचा, दहावीला गणितात १०० पैकी ९४, आणि अकरावीच्या फायनलला तेच गणित ४१ वर आलं. क्लासच्या सरांनी सांगून टाकलं की याचं ट्रिगनॉमेट्री, म्हणजे त्रिकोणमिती, कच्चं आहे, बारावीचं कॅल्क्युलस (लिमिट, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन) याला झेपणार नाही, बायोवर लक्ष द्या. आणि आता मे महिना सुरू आहे, घरात रोज तोच विषय, आणि मुलगा जेवताना सुद्धा बोलत नाही. त्याला मेकॅनिकल करायचंय हे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी लिहिलंय, माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच.

तर आधी उत्तर देते. मॅथ्स सोडू नका. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे सीईटीत, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपला २०० पैकी १०० मार्क एकट्या मॅथ्सचे असतात, म्हणजे मेकॅनिकलची निम्मी वाट तिथूनच जाते, आणि ज्याला बायो आवडतच नाही त्याला भीतीपोटी तिकडे ढकललं तर वर्षभर तो दोन्हीकडून उपाशी. सरांचं अर्धं बरोबर आहे, ट्रिग कच्चं आहेच. पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. हे पाच-सहा आठवड्यांचं काम आहे. मी ज्युनिअर कॉलेजला बरीच वर्षं गणित शिकवलंय आणि ९४ वरून ४१ वर आलेली मुलं दर वर्षी बघितलीत, त्यातली बहुतेक हुशारच होती.

होतं काय की दहावीची त्रिकोणमिती म्हणजे काटकोन त्रिकोण, दीपगृह, जहाज, उन्नत कोन, सगळे कोन ० ते ९० च्या आत. अकरावीच्या पुस्तकाचा पहिलाच धडा कोन कसा मोजायचा याचा आणि तिथे कोनच बदलतो, तो फिरायला लागतो, २१० अंश होतो, मायनस होतो, ३६० च्या पुढे जातो, आणि अंश सोडून रेडियन मध्ये मोजला जातो. आता २१० अंशाचा काटकोन त्रिकोण कुठून आणणार? मुलगा मनात अजून तोच त्रिकोण शोधत बसलेला असतो, सर फळ्यावर फॉर्म्युले लिहीत पुढे गेलेले असतात, आणि सगळं इंग्लिशमध्ये. त्यात अकरावीचे प्रवेश लांबतात, शिकवायला वेळ उरत नाही, मग हा पहिला धडा दोन तासात उरकला जातो आणि मुलांना सांगतात की यावर फार मार्क नाहीत. याचा मला खरंच राग येतो, कारण पुढचं सगळं त्या धड्यावर उभं आहे.

आता थोडं त्याच्याशीच बोलते, इथून पुढचं त्याला वाचायला द्या.

हे बघ, स्वयंपाकघरातलं एक मोठं ताट घे आणि एक दोरा. ताटाच्या मधोमध खूण कर, तिथून कडेपर्यंत दोरा मापून काप, ही झाली त्रिज्या. आता तोच दोरा ताटाच्या कडेवर वाकवून लाव आणि त्याची दोन्ही टोकं मधल्या खुणेला जोड, मध्ये जो कोन झाला तो एक रेडियन, साधारण ५७.३ अंश. पूर्ण कडेवर हा दोरा किती वेळा बसतो ते मोज. सहा वेळा पूर्ण आणि वर पाव दोऱ्यापेक्षा थोडं जास्त, म्हणजेच दोन पाय (२π). हे हाताने केलंस की पाय बाय सहा, पाय बाय चार हे आकडे परत घाबरवणार नाहीत.

हे कुणी परदेशातून आणलंय असंही समजू नकोस. आर्यभटाने ४९९ साली अर्धज्यांचं, म्हणजे आजच्या साइनचं कोष्टक दिलं, त्यात वर्तुळाची कड २१६०० कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणि त्रिज्या ३४३८ कला धरलीय, कड आणि त्रिज्या एकाच मापात! ३४३८ कला म्हणजे किती अंश ते ६० ने भागून बघ, तेच ५७.३ येतात. त्या कोष्टकात २२५ कलांच्या कोनाची ज्या (म्हणजे तीच अर्धज्या) २२५ च आहे, पुढे ४५० ची ४४९. म्हणजे कोन लहान असला की साइन आणि कोन जवळजवळ सारखेच, आणि तुझ्या लिमिट्सच्या धड्यात साइन एक्स भागिले एक्स ची लिमिट १ येते ती हीच गोष्ट. मग त्या ज्यांमधले फरक बघ, २२५, २२४, २२२, २१९, हळूहळू कमी होत जातात. हे फरक कोज्येच्या, म्हणजे कॉसच्या प्रमाणात असतात हे भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत मांडलं. त्यांच्या घराण्याचा शिलालेख तुमच्या चाळीसगावजवळ पाटणला आहे, पाटणादेवीला कधी गेलास तर हे आठव. साइनचं डेरिव्हेटिव्ह कॉस का, याचं बीज तिथे आहे.

आता तेच तुझ्या पद्धतीने. साइन ऑफ एक्स प्लस एच मधून साइन एक्स वजा करायचं, एच ने भागायचं आणि मग एच शून्याकडे न्यायचं. नुसतं बघून काहीच सुटत नाही. पण साइन सी वजा साइन डी चा जो फॉर्म्युला तू अकरावीत घोकलास आणि कशाला लागतो ते कुणी सांगितलं नाही, तो इथे लाव, दोन कॉस एक्स प्लस एच बाय टू गुणिले साइन एच बाय टू. एच ने भाग, साइन एच बाय टू भागिले एच बाय टू ची लिमिट एक, उरतो फक्त कॉस एक्स. संपलं. पण ती लिमिट एक येते ती कोन रेडियनमध्ये असेल तरच. कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवून ०.१ चं साइन काढ, ०.०९९८ येईल, डिग्रीवर ठेवून काढ, ०.००१७ येईल. रेडियनशिवाय कॅल्क्युलस का चालत नाही ते या दोन आकड्यांतच दिसतं.

फॉर्म्युले किती पाठ करायचे? तीन. साइन स्क्वेअर प्लस कॉस स्क्वेअर बरोबर एक, साइन ए प्लस बी, आणि कॉस ए प्लस बी. बाकी सगळे यातून काढायचे. बी च्या जागी मायनस बी टाक, वजाचे आले, बी च्या जागी ए टाक, टू ए चे आले, बेरीज-वजाबाकी कर, सी-डी वाले आले, एकाला दुसऱ्याने भाग, टॅन आला. पहिल्या फॉर्म्युल्याला कॉस स्क्वेअरने भागलंस की एक प्लस टॅन स्क्वेअर बरोबर सेक स्क्वेअर. रोज सकाळी कोऱ्या कागदावर हे झाड काढ, आठवड्यात दहा मिनिटांवर येशील. बारावीत साइन स्क्वेअरचं इंटिग्रेशन कॉस टू एक्स शिवाय होत नाही, वर्गमुळात ए स्क्वेअर वजा एक्स स्क्वेअर आलं की एक्स ला ए साइन थीटा धरावं लागतं, टॅन इन्व्हर्सचं डेरिव्हेटिव्ह सेक स्क्वेअरमधूनच येतं. सीईटीत मॅथ्सच्या ५० प्रश्नांपैकी साधारण १० च अकरावीचे असतात म्हणून मुलं अकरावी सोडून देतात, पण उरलेल्या ४० मध्ये हेच ट्रिग आत बसलेलं असतं. आणि फिजिक्समध्ये ऑसिलेशन्स, एसी सर्किट, तिथेही तेच.

एक चूक मात्र आत्ताच काढून टाक, साइन इन्व्हर्स एक्स म्हणजे एक भागिले साइन एक्स नाही. तो कोन आहे. बारावीत या एका गैरसमजावर भरपूर मार्क जातात.

ताई, परत तुमच्याकडे येते. पहिले दोन आठवडे त्याला फक्त ते वर्तुळ आणि साइन, कॉस, टॅनचे ग्राफ करू द्या, हाताने, ग्राफ पेपरवर. मग दोन आठवडे फॉर्म्युले आणि पुस्तकातली उदाहरणं, क्लासच्या जाड्या सेटला हात लावायचा नाही. पुस्तक हरवलं असेल तर बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळते. शेवटी लिमिट्स आणि डेरिव्हेटिव्ह. सोबत एक पान मराठी-इंग्लिश शब्दांचं करू द्या, कर्ण म्हणजे हायपोटेन्यूज, चरण म्हणजे क्वाड्रंट, नित्यसमानता म्हणजे आयडेंटिटी, मराठी मिडियमची मुलं अर्धी इथेच अडकतात आणि लाजेने विचारत नाहीत. पुण्याला क्लासला पाठवू का असंही तुम्ही विचारलंय, आत्ता नको, तिथे बारावीचा पोर्शन सुसाट सुरू असेल आणि याचं मागचं तसंच राहील.

तुम्हाला गणित यायची गरज नाही. रात्री जेवणं झाली की ताट आणि दोरा त्याच्या हातात द्या आणि सांग म्हणा आज काय केलंस. तो सांगायला लागला की मध्ये बोलू नका, चुकलं तर त्याचं त्यालाच कळतं.

जूनमध्ये कॉलेज सुरू व्हायच्या आधी पुस्तक बंद ठेवून त्याला साइन एक्सचं डेरिव्हेटिव्ह फर्स्ट प्रिन्सिपलने, म्हणजे वर केलं तसं लिमिट घेऊन, लिहायला सांगा आणि त्या पानाचा फोटो मला पाठवा. अडला तर कुठल्या ओळीवर अडला ते पण दिसू दे, खाडाखोड करायची नाही, त्या ओळीवरून पुढचं सांगेन.