मृत्युपत्रावरची सही खोटी आहे हे हस्ताक्षरतज्ज्ञ खरंच ओळखू शकतो का? शेवटी शेवटी आजोबांचा हात थरथरायचा आणि आमच्याकडे फक्त झेरॉक्स आहे.

ओळखू शकतो, पण तुम्ही त्याच्या हातात काय देता यावर बरंच अवलंबून आहे. मी दिवाणी दावे चालवते. ‘निश्चित मत देता येत नाही’ असा अहवाल आला की बरेचदा तुलनेसाठी दिलेल्या सह्याच अपुऱ्या निघतात.

झेरॉक्सवर विसंबू नका. सहीच्या आकारापेक्षा ती ओढली कशी गेली हे तज्ज्ञ जास्त बघतो: दाब कुठे वाढला, पेन कुठे उचललं, रेघेची सुरुवात निमुळती आहे की पेन टेकवून थांबल्यासारखी बोथट. सही आधी दाबून गिरवली असेल, तर कागद तिरप्या उजेडात धरल्यावर शाईच्या कडेला तिची चर दिसते. झेरॉक्समध्ये हे काहीच उरत नाही. मूळ कागद कोर्टात हजर करायला लावा, वकिलांकडून तसा अर्ज लगेच द्या.

आता थरथरीबद्दल. म्हाताऱ्या माणसाची सही वेडीवाकडी असली तरी तिला सवयीचा वेग असतो. काही अक्षरं कोसळतात, पण नेहमीचा फराटा तसाच सुटतो. नकल करणारा सही चित्रासारखी हळूहळू काढतो, म्हणून थरथर सगळीकडे सारखी पसरते आणि नको तिथे डागडुजी दिसते. शिरोरेषाही बघा. कोणी प्रत्येक अक्षरावर वेगळी देतं, तर कोणी शेवटी एका झटक्यात ओढतं. आणि मृत्युपत्रावरची सही दुसऱ्या एखाद्या सहीशी तंतोतंत जुळली, तर संशय वाढतो, कारण एकच माणूसही दोनदा हुबेहूब सारखी सही करत नाही.

म्हणून आजोबांच्या त्याच काळातल्या, वाद नसलेल्या सह्या गोळा करा: बँकेची स्लिप, पेन्शनचा हयातीचा दाखला, सोसायटीचं रजिस्टर, नोंदणी केलेलं खरेदीखत. तरुणपणीच्या सह्यांचा इथे फारसा उपयोग नाही.

तज्ज्ञाचं मत म्हणजे निकाल नव्हे, हेही मनात ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 खाली ते पुराव्यात येतं, आणि कलम 72 खाली न्यायाधीश स्वतःही सह्या ताडून पाहू शकतात. मुरारीलाल खटल्यात 1980 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की अशा मताला दुसऱ्या पुराव्याची जोड हवीच असा नियम नाही, पण ते सावधपणे तपासावं. शिवाय मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात, आणि ते रीतसर झालं हे सिद्ध करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते. माझ्या मते तुमची खरी लढाई त्या साक्षीदारांच्या उलटतपासणीत आहे.

गोळा केलेले कागद लॅमिनेट करू नका, पंच करू नका. कागद आत असताना पाकिटावर काही लिहू नका, त्याचे ठसे आतल्या कागदावर उमटतात.