वाचक विचारतात : ग्लेनकोच्या दोन खिंडी, एका दिवसात

स्कॉटलंडच्या हायलँड्समधल्या एक दिवसाच्या भटकंतीबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांचा रोख ग्लेनको या दरीवर आहे, त्यामुळे उत्तरंही तिकडचीच.

प्रश्न : आम्ही चौघं सह्याद्रीत नियमित ट्रेक करतो. सप्टेंबरमध्ये मुलीकडे ग्लासगोला जाणार आहोत. तिथले डोंगर हजार-बाराशे मीटरचेच दिसतात. शिखर नको, दऱ्यांमधून दिवसभर चालायचंय. कुठला मार्ग घ्यावा? (पुणे)

उत्तर : उंचीवरून अंदाज बांधू नका. बेन नेव्हिस हे ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर १,३४५ मीटरचं, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा (१,६४६ मीटर) तीनशे मीटरनं बुटकं. पण ते ५६ अंश उत्तरेला, अटलांटिकच्या ओल्या वाऱ्याच्या वाटेवर उभं आहे. वाहनतळावर १२ अंश असतील तर अडीचशे मीटर वर, खिंडीत, हवा दीडेक अंशच थंड असते. त्यात वारा आणि पाऊस मिळाले की मात्र जुलैतही हात बधिर होतात.

तुमच्यासाठी लारिग एल्डे आणि लारिग गार्टन या दोन खिंडींची फेरी सुचवतो. बुआखेल एटिव बेग नावाच्या ९५८ मीटरच्या डोंगराला त्याच्या दोन्ही कुशींतल्या दऱ्यांमधून घातलेला हा पूर्ण वळसा आहे. अंतर साधारण १५ किमी. दोन्ही खिंडी पाचशे मीटरच्या किंचित आत, पण मध्ये ग्लेन एटिव या पलीकडच्या दरीत खूप खाली उतरावं लागतं, त्यामुळे एकूण चढ सहाशे मीटरच्या वर जातो. वेळ काढायला नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा नियम अजून चालतो : दर ५ किमीला एक तास, शिवाय दर ३०० मीटर चढाला अर्धा तास. म्हणजे तीन तास अधिक एक तास, झाले चार. हा आकडा कोरड्या, मळलेल्या वाटेवर न थांबता चालणाऱ्याचा. इथे दलदल आहे, ओढे आहेत, डबे उघडायचे आहेत. सात तास धरा.

सुरुवात ए-८२ रस्त्यावरून, लारिग एल्डेच्या बाजूनं करा. उलट दिशेनं जाणारेही पुष्कळ असतात. पण या फेरीतला सर्वांत बेभरवशाचा भाग म्हणजे लारिग एल्डेचा ओढा, आणि तो या बाजूनं सुरुवातीलाच भेटतो. पाणी चढलेलं दिसलं तर तासाभरात माघारी येता येतं. उलट दिशेनं गेलात तर तोच ओढा दिवसाच्या शेवटी, पाय थकलेले असताना आणि बारा-तेरा किमी मागे पडलेले असताना आडवा येतो.

खिंडीपर्यंतचा चढ मवाळ आहे. माथा ओलांडला की वाट दक्षिणेला, ग्लेन एटिवमधल्या डॅलनेसच्या दिशेनं उतरते. ग्लेन एटिवच्या रस्त्यापर्यंत उतरायचं नाही. डॅलनेसच्या वरच लारिग गार्टनकडे जाणारी वाट धरायची आहे. ही जागा नकाशावर आदल्या दिवशीच खूण करून ठेवा. उताराच्या भरात ती मागे पडते आणि मग तेवढंच पुन्हा चढावं लागतं. इथून पुढचा चढ दिवसातला सर्वांत दमवणारा : ओढ्याच्या कडेनं, झिजलेल्या, ओल्या दगडांवरून. लारिग गार्टनच्या माथ्यावर पोचलात की समोर सरळ, रुंद दरी आणि टोकाला पुन्हा ए-८२ दिसतो. दिसतो म्हणून तो जवळ आहे असं समजू नका. इथे तासभर नुसतं चिखलातून पाय उपसत चालायचं असतं. वाट जिथे रस्त्याला लागते तिथून गाडीपर्यंत अडीच-तीन किमी राहतात. ए-८२ वरून चालू नका, गाड्या भरधाव असतात. कडेनं जुन्या रस्त्याचा पट्टा आहे, तो धरा.

डॅलनेसला पोचून कुणाचा गुडघा धरला तर? तिथे बस नाही, दुकान नाही, मोबाइलची रेंज बेभरवशाची, आणि रस्त्यानं ए-८२ गाठायचा तर दहा किमीहून जास्त. म्हणून परत फिरायचं की नाही हे पहिल्या खिंडीच्या माथ्यावर ठरवा, खाली उतरल्यावर नाही.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशासंस्थेचा, एक्सप्लोरर ३८४, १:२५,००० प्रमाणाचा. फोनमध्ये उतरवून घ्याच, पण कागदाचाही जवळ ठेवा. थंडीत बॅटरी भराभर उतरते. ग्लासगोहून फोर्ट विल्यमकडे जाणारी बस ग्लेनकोतूनच जाते, पण ती ठरलेल्या थांब्यांवरच थांबते. चौघं आहात, गाडी घेणंच सोयीचं. वाहनतळ छोटे आहेत, सकाळी नऊच्या आत पोचा.

प्रश्न : ओढे ओलांडताना आम्ही पावसाळ्यात हात धरून साखळी करतो. तिथेही तेच करायचं ना? (ठाणे)

उत्तर : नाही. खरं तर इथेही करू नये. प्रवाहाला आडवी साखळी केली की एकाचा पाय सुटला तरी तो दोघांना ओढतो, आणि मधल्या माणसाचे दोन्ही हात अडकलेले असल्यानं त्याला तोल सावरता येत नाही. त्याऐवजी एकामागे एक उभे राहा, सगळ्यांची तोंडं प्रवाहाच्या उगमाकडे. सर्वांत दणकट माणूस पुढे, हातात काठी. मागच्यांनी पुढच्याच्या खांद्याजवळ सॅकचे पट्टे धरायचे आणि सगळ्यांनी मिळून खेकड्यासारखं आडवं सरकायचं. पुढचा माणूस पाणी फोडतो, मागच्यांना कमी जोर लागतो.

पण ही सगळी पुढची गोष्ट. आधी ओलांडायचं का, हे ठरवा. ग्लेनकोत मातीचा थर पातळ, खाली कठीण खडक. वरचं पीट (कुजलेल्या वनस्पतींची स्पंजासारखी काळी माती) एकदा भिजून टम्म झालं की पुढचा पाऊस थेट ओढ्यात येतो. तास-दोन तासांत पाणी चढतं, आणि पाऊस थांबला की बरेचदा तितक्याच घाईनं उतरतं. त्यामुळे काठावर बसून राहणं हा कित्येकदा सर्वांत शहाणा मार्ग ठरतो. पाणी गढूळ तपकिरी आहे, तळ दिसत नाही, पाय ठेवायचे दगड बुडालेत, किंवा तळातून दगड गडगडल्याचा आवाज येतोय, यातलं एकही असेल तर परत फिरा. जोराचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तरीही.

जागा निवडताना सर्वांत अरुंद ठिकाण मोहात पाडतं. तिथेच पाणी खोल आणि वेगवान असतं. पात्र पसरट आहे, प्रवाह दोन-तीन धारांत विभागला आहे, अशी जागा शोधा. दोन ओढे मिळतात त्याच्या वरच्या बाजूला गेलात तर एकेक ओढा सोपा पडतो. खालच्या अंगाला धबधबा किंवा घळ असेल तर ती जागा बाद. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक झटकता येईल. बूट काढू नका. मोजे काढा, अनवाणी पायांत बूट घालून ओलांडा, पलीकडे पाणी निथळून कोरडे मोजे चढवा. अंगाला दोर बांधणं हे सराव नसलेल्यांनी मुळीच करू नये, कारण पडलेल्याला ताणलेला दोर पाण्याखालीच धरून ठेवतो.

आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर ही फेरी सोडा आणि ए-८२ वरच्या आल्टनाफेपासून डेव्हिल्स स्टेअरकेस ही चढण चढून किनलॉखलेव्हन गावाला जा. वाट बांधीव आहे, ‘वेस्ट हायलँड वे’ या लांब पल्ल्याच्या पायवाटेचाच भाग. माथा ५४८ मीटर.

प्रश्न : बूट, कपडे, पोंचो यांपैकी इथून काय न्यावं? (नाशिक)

उत्तर : पोंचो घरीच ठेवा, छत्रीही. वाऱ्यात पोंचोचं शीड होतं. शिवणींवर टेप असलेलं, टोपीला ताठ कड असलेलं जॅकेट आणि वॉटरप्रूफ पँट, दोन्ही हवीत. आत सुती काहीही नको, जीन्स तर नाहीच. भिजलेलं सूत अंगाची ऊब शोषून घेतं. सिंथेटिक किंवा लोकरीचा बनियन, त्यावर फ्लीस, शिवाय सॅकमध्ये एक जादा गरम थर, कानटोपी आणि हातमोज्यांचे दोन जोड.

सह्याद्रीत लाडके असलेले हलके कापडी बूट कातळावर छान चालतात, पीटमध्ये नाही. घोट्यापर्यंतचे, खोल खाचांचे बूट आणि वर गेटर (बूट-पोटरी झाकणारं आवरण) असू द्या. दलदलीत नुसता पाय टाकण्याआधी रंग बघायची सवय लावा : चमकदार हिरवी किंवा लालसर शेवाळाची गादी दिसली की खाली पाणी, हेदरची तपकिरी झुडपं असतील तिथली जमीन त्या मानानं घट्ट.

सॅकवरचं रेनकव्हर वारा उडवून नेतो. त्यापेक्षा आतून जाड प्लास्टिकची पिशवी लावा. पाणी दीड लिटर पुरे होतं. ओढ्याचं पाणी नितळ दिसतं, पण वर कुठे मेलेली मेंढी किंवा हरीण पडलेलं असू शकतं, तेव्हा गाळून किंवा उकळूनच. खायला दशम्या, गूळ-शेंगदाणे, चिक्की. सगळं खिशात, कारण पावसात कुणी सॅक उघडत नाही आणि उपाशीपोटी गारठा लवकर चढतो. कुणाचं बोलणं अडखळू लागलं, पाय लटपटू लागले, चिडचिड वाढली तर तो थकवा समजू नका. आडोसा, कोरडे कपडे, गोड खाणं, आणि सर्वांनी मिळून परत.

प्रश्न : परवानगी किंवा प्रवेश फी लागते का? गावातून वाटाड्या मिळतो का? (कोल्हापूर)

उत्तर : परवानगी नाही, प्रवेश फीही नाही, काही वाहनतळांवर पैसे पडतात तेवढेच. २००३ च्या स्कॉटिश जमीन सुधारणा कायद्यानं बहुतेक सर्व मोकळ्या जमिनीवर जबाबदारीनं चालण्याचा हक्क दिला आहे, मग ती खासगी का असेना. गेट जसं असेल तसंच ठेवायचं, उघडं असेल तर उघडं. शौचासाठी ओढ्या-नदीपासून किमान ३० मीटर दूर, खड्डा करून बुजवायचं. शेकोटी नको, पीट जमिनीखाली धुमसत राहतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. वाटेवर सूचनाफलक दिसला तर त्यातली पर्यायी वाट घ्या. आपल्याकडे असतो तसा गावचा वाटाड्या तिथे नसतो. हवा असेल तर प्रमाणित माउंटन लीडर आधी ठरवावा लागतो.

प्रश्न : मिजेस म्हणजे आपले डासच का? (लंडन)

उत्तर : डास परवडले. एक-दोन मिलिमीटरचा हा चिलट्यांचा प्रकार ढगांनी येतो. मे ते सप्टेंबर त्रास, जून ते ऑगस्ट कळस. ताशी दहा-अकरा किमीहून जास्त वारा असला की ते उडू शकत नाहीत, म्हणून डबा खायला आडोसा न शोधता उघड्या, वारा लागणाऱ्या जागी बसा. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ते सहज आत शिरतात. बारीक जाळीची डोक्यावरची पिशवी तिथेच विकत घ्या आणि कडेच्या टोपीवरून घाला, म्हणजे ती चेहऱ्याला चिकटत नाही.

गोचीड त्याहून गंभीर. तिच्यामुळे लाइम आजार होऊ शकतो. पँट मोज्यांत खोचा, रात्री जांघ, काख, गुडघ्याची मागची बाजू तपासा. बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून, न पिळता सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, काडी यांपैकी काही नाही. तारीख लिहून ठेवा. एक ते चार आठवड्यांत तिथे लाल, पसरत जाणारा चट्टा आला तर डॉक्टरकडे जा. भारतात परतल्यावर चट्टा आला तर गोचिडीचं आवर्जून सांगा, नाहीतर इथल्या डॉक्टरांना ते सुचणं अवघड.

प्रश्न : आई-बाबा सत्तरीचे आहेत. ग्लेनकोतली लॉस्ट व्हॅली ही दरी त्यांना झेपेल? (ग्लासगो)

उत्तर : अंतर थोडं असलं तरी नको. घळीतून हात टेकत, मोठमोठ्या धोंड्यांमधून चढायचं आहे आणि ओढाही ओलांडायचा आहे. सपाटीच्या फेरफटक्यासाठी ग्लेनको लोखन या छोट्या तळ्याभोवतीची वाट चांगली. पाय खंबीर असतील तर ग्लेन नेव्हिसच्या रस्त्याच्या टोकापासून स्टील धबधब्याचं कुरण : जाऊन-येऊन साडेतीन किमी. वाट खडबडीत, एका बाजूला खोल घळ, म्हणून काठी आणि सोबत हवी. १२० मीटरचा धबधबा कुरणातूनच दिसतो; तीन तारांच्या पुलावर चढायची गरज नाही.

प्रश्न : नाताळच्या सुटीत ही फेरी होईल? (एडिनबरा)

उत्तर : नाही. तेव्हा उजेड जेमतेम पावणेसात तासांचा, खिंडीत बर्फ असू शकतं, आणि कडेच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका. आइस अॅक्स, क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे बर्फाचे खिळे) आणि ते वापरायचं शिक्षण असेल तरच, तेही स्कॉटिश अॅव्हलांच इन्फर्मेशन सर्व्हिसचा त्या दिवसाचा अंदाज बघून.

प्रश्न : अडकलो तर कुणाला बोलवायचं, आणि बिल किती येतं? (लीड्स)

उत्तर : ९९९ किंवा ११२ लावा, आधी ‘पोलीस’ मागा, मग ‘माउंटन रेस्क्यू’. बिल येत नाही. पथकातले लोक स्वयंसेवक असतात. फोनमधल्या नकाशावरून ग्रिड रेफरन्स, म्हणजे तुमच्या जागेचा नकाशावरचा आकडा, वाचून सांगा. बोलण्याइतकी रेंज नसते पण मेसेज जातो असं बरेचदा होतं. त्यासाठी घरी असतानाच ९९९ वर ‘register’ या इंग्रजी शब्दाचा मेसेज पाठवून ब्रिटिश सिमची नोंदणी करून ठेवा. शिट्टीचा संकेत : मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा.

आदल्या संध्याकाळी माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचा वेस्ट हायलँड्सचा अंदाज वाचा, वारा आणि ढगांची पातळी हे दोन रकाने आधी. कुठली वाट, किती जण, गाडी कुठे, किती वाजता परत, एवढं एका माणसाला कळवून निघा, आणि गाडीत बसल्याबरोबर त्याला फोन करा; नाहीतर तुम्ही हॉटेलात जेवत असताना पथक अंधारात तुम्हाला शोधत फिरेल.