खडकाळ ग्रह पाहायला लागतोयस? आधी एवढं कर

दुर्बीण घ्यायची घाई करू नकोस. बुध, शुक्र, मंगळ तिन्ही नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

सुरुवात शुक्रापासून कर. तो नागपूरच्या दिव्यांच्या झगमगाटातही लपत नाही. बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे कधी जात नाही, म्हणून संध्याकाळी त्याच्यासाठी मोकळं पश्चिम क्षितिज हवं. अंबाझरी तलावाची पाळ त्याला उत्तम. मात्र सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय बायनाक्युलर तिकडे वळवायचा नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो, हे जीव तोडून सांगतोय.

नवीन मंडळी हमखास इथे चुकतात:

- बुध सूर्याजवळ, म्हणून तोच सर्वांत तापलेला असं धरतात. शुक्र जास्त तापतो, सुमारे ४६५ अंश सेल्सिअस, कारण त्याचं कार्बन डायऑक्साइडचं दाट वातावरण उष्णता धरून ठेवतं. बुधाला वातावरण जवळपास नाहीच; तिथे दिवसा ४३०, रात्री उणे १८०. हा फरक नीट समजून घे, बाकीचं पुष्कळ सोपं होतं.
- मंगळ कधीही मोठा दिसेल अशी आशा धरतात. तो साधारण २६ महिन्यांनी जवळ येतो. फेब्रुवारी २०२७ सोडू नकोस.

कक्षांचं गणित सध्या राहू दे. पावसाळा सरला की आकाश उघडतं, तेव्हा रोज तारीख, वेळ आणि दिशा वहीत लिही.