जुन्या पोर्श ९४४ चे पॉवर स्टिअरिंग सकाळी जड लागते आणि गुरगुरते. रॅक बदलावा का?

आपण लिहिले आहे की १९८७ च्या आपल्या पोर्श ९४४ चे स्टिअरिंग सकाळी पहिली दहा मिनिटे जड लागते, जागेवर वळवताना पुढून गुरगुर ऐकू येते, पॉवर स्टिअरिंगच्या डबीतले तेल महिन्याकाठी थोडे उतरते आणि गॅरेजवाल्यांनी गाडीखाली एकदा डोकावून रॅक, म्हणजे स्टिअरिंगच्या वळण्याने पुढची चाके वळवणारा दातेरी दांडा, गेल्याचे सांगितले आहे. माझे स्पष्ट मत असे की दाब न मोजता जो रॅक बदलायला सांगतो, त्याच्या हाती ही गाडी देऊ नये. बेल्टचा ताण, टायरमधली हवा आणि तेलाची पातळी आपण पाहिली असणारच, त्यामुळे त्याविषयी लिहीत नाही.

मी इतक्या ठामपणे लिहिते, कारण हीच लक्षणे आमच्या घरच्या ९४४ मध्ये होती आणि तिचा मूळ रॅक आम्ही हकनाक गमावला. माझे वडील, म्हणजे अण्णा, इंग्लंडमधली नोकरी संपवून १९९२ मध्ये पुण्याला परतले तेव्हा त्यांनी ही गाडी सोबत आणली. इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे असल्यामुळे या गाडीचे वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ सारखे पडते, आणि कात्रजच्या घाटातल्या वळणावर रस्ता कसा आहे हे स्टिअरिंगमधून तळहाताला कळते. अण्णांचा सगळा जीव त्या कळण्यात होता. एका डिसेंबरात सकाळी गाडी फाटकातून बाहेर काढताना गुरगुर सुरू झाली. वळवायला दोन्ही हातांचा जोर लागू लागला, आणि गाडी तापली की सगळे पूर्ववत होई.

त्या वेळी मी भोसरीच्या एमआयडीसीत हायड्रॉलिक प्रेस बनवणाऱ्या कारखान्याच्या चाचणी विभागात होते. सिलिंडर दाब धरत नाही अशी तक्रार आली की आधी दाब मोजणारे गेज लावायचे आणि मग पंप, झडप, सिलिंडर एकेक करून वेगळे तपासायचे, हा आमचा रोजचा शिरस्ता. पॉवर स्टिअरिंग यापेक्षा निराळे नाही. पात्यांचा पंप तेल ढकलतो, पिनिअनजवळची, म्हणजे रॅकला सरकवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाजवळची झडप ते डाव्या किंवा उजव्या बाजूला सोडते, आणि रॅक म्हणजे दुहेरी क्रियेचा, दोन्ही बाजूंना ढकलू शकणारा एक सिलिंडरच. मी रात्री जेवताना म्हटले, “दादा, आधी गेज लावू या.” दादा म्हणाला, “तुझे प्रेस वेगळे आणि पोर्श वेगळी. गॅरेजवाले रोज या गाड्या पाहतात.” अण्णा काहीच बोलले नाहीत आणि रॅकची ऑर्डर इंग्लंडला गेली.

दोन महिन्यांनी दुरुस्त केलेला रॅक आला. रॅकची किंमत, जकात आणि मजुरी मिळून सव्वादोन लाख रुपये गेले. जुना रॅक घरी आणावा असे मी दोनदा सांगितले होते, पण “लोखंड सांभाळून काय करायचे?” असे म्हणून दादाने तो भंगारात देऊन टाकला. नवा रॅक बसला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फाटकाशी तीच गुरगुर. गॅरेजचे पुढचे निदान होते, आता पंप गेला.

त्या रविवारी मी गाडी माझ्या ताब्यात घेतली. थंड इंजिन सुरू करून डबीचे झाकण उघडले, तर ताक घुसळल्यावर वर येतो तसा फेस लाल तेलावर दिसत होता. इंजिन बंद केल्याबरोबर पातळी बोटभर वर चढली. तेलात हवा असल्याची ही खूण आहे, कारण दाब उतरला की दबलेली हवा फुगते. गळती बाहेर दिसत नव्हती. डबीकडून पंपाकडे जाणाऱ्या होजच्या, म्हणजे रबरी नळीच्या क्लिपपाशी तेवढा ओलसर काळा डाग होता. पंप चालू असताना तिथून तेल बाहेर पडण्याऐवजी हवा आत ओढली जात होती आणि बंद असताना थेंब थेंब तेल झिरपत होते.

तो होज काढला तर माझी करंगळी आत जाईना. कधी काळी कोणीतरी तिथे हीटरच्या पाण्याचा होज कापून बसवला होता. असे होज बहुधा ईपीडीएम रबराचे असतात. गरम पाण्याला उत्तम, पण खनिज तेल लागले की ते रबर फुगते. सकाळी थंड तेल घट्ट असते, ते त्या अरुंद वाटेतून पुरेसे येत नव्हते, म्हणून पंप उपाशी राहून गुरगुरत होता. तेल तापून पातळ झाले की आवाज थांबत असे. मी पॉवर स्टिअरिंगसाठीच बनवलेला, तेलाला टिकणाऱ्या नायट्राइल रबराच्या अस्तराचा होज आणून बसवला, नव्या क्लिप लावल्या आणि हवा काढली. होज आणि क्लिप मिळून खर्च साडेसहाशे रुपये. दुसऱ्या सकाळी आवाज नाही.

दादा म्हणाला की नवा रॅक आता रुळला. म्हणून पुढच्या रविवारी मी त्याच्यासमोर जुना होज पुन्हा चढवला. गुरगुर परत आली. मग तो काढून अंगणात वर्तमानपत्रावर ठेवला आणि ब्लेडने उभा चिरला; उकडलेल्या बटाट्याची साल सुटावी तसे आतले अस्तर सुटून हातात आले. दादाने ते पाहिले, आणि तरीही आजतागायत नातेवाइकांना तो रॅक बदलल्यामुळेच गाडी सुधारली असे सांगतो. हे उत्तर त्यानेही वाचावे अशी माझी इच्छा आहे.

आपल्या गाडीत पहिल्यांदा डबीतला फेस आणि इंजिन बंद केल्यावरची पातळी पाहा. फेस असेल तर डबीपासून पंपापर्यंतचा होज आणि त्याच्या क्लिपा बदला. हवा काढताना पुढची चाके जॅकवर उचलून स्टँड लावा, आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवत तेल भरत राहा. तेल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) हवे. चुकूनही ब्रेक ऑइल टाकू नका, तेल अडवणारी सगळी रबरी सिले खराब होतील. गळती थांबवणारी बाटलीतली औषधेही टाकू नका.

एवढे करूनही जडपणा राहिला तर पंप आणि दाबाचा होज यांच्यामध्ये बंद करता येणारी झडप असलेले गेज लावून घ्या. आपला त्रास सकाळचा आहे, तेव्हा ही चाचणी गाडी थंड असतानाच व्हायला हवी; दुपारी गाडी गॅरेजला नेऊन काही कळणार नाही. झडप पाच सेकंदांहून अधिक बंद ठेवायची नाही. झडप बंद असतानाही दाब चढत नसेल तर दोष पंपात आहे. बंद असताना चढतो, पण झडप उघडी ठेवून स्टिअरिंग टोकाला नेल्यावर चढत नाही, तर रॅक आतून गळतो आहे.

हे मी आधीच लिहायला हवे होते की रॅकच्या झडपेची सिले वयाने कडक झाली तरी गाडी थंडीत जड आणि तापल्यावर हलकी होते, म्हणजे आपला रॅक खरोखर गेलेला असूही शकतो. रॅकच्या टोकांचे रबरी बेलो, म्हणजे घड्यांची आवरणे, दाबून पाहा. आत तेल असेल तर रॅकची सिले गेली आहेत आणि मग गॅरेजवाल्यांचे म्हणणे बरोबर आहे. जडपणा स्टिअरिंगच्या एकाच फेऱ्यात कमी-जास्त होत असेल, तर स्टिअरिंगच्या दांड्यावरचा सांधा आखडलेला असण्याची शक्यता अधिक. शिवाय दाबाच्या होजमधला दाब हजार पीएसआयच्या पुढे जातो. तिथली गळती बोटाने चाचपू नका, बारीक धार कातडीच्या आत घुसते.

रॅक बदलायचाच ठरला, तर काम देण्यापूर्वी जुना रॅक परत मिळेल असे गॅरेजकडून कागदावर लिहून घ्या. सिले बदलून तोच पुन्हा बसवता येतो का, हे आधी पाहा. आमच्या गाडीत दुसरा रॅक बसल्यापासून सरळ रस्त्यावर स्टिअरिंग मध्यावर पोकळ लागते. अण्णांना ते पहिल्याच फेरीत जाणवले, आणि त्यानंतर त्यांनी गाडी कात्रजला नेली नाही.