कोरियन चॉल्ला बोलीत (दक्षिण कोरियाच्या नैऋत्येकडची बोली) लोक दर वाक्यात 'गॉशिगी' का म्हणतात? नुसतं अडखळणं आहे का ते?

थोडं अडखळणं आहे, पण निम्मंच. माझ्या टीममध्ये ग्वांगजूकडचे (चॉल्ला भागातलं मोठं शहर) एक सीनियर होते, त्यांच्यासोबत काम करून कान बऱ्यापैकी तयार झाला म्हणून लिहितोय.

सोलवाले विचार करायला वेळ हवा असला की 'उम', 'कू', 'चॉगी' असलं काहीतरी म्हणतात, आपल्या 'म्हणजे', 'ते आपलं' सारखंच. चॉल्लात तिथे 'गॉशिगी' येतं, कधी पुढे 'मॉशिन्या' (म्हणजे 'काय ते') जोडून, मतलब माझं बोलणं संपलं नाहीये मध्ये तोंड घालू नका. पण गंमत अशी की हाच शब्द नाम म्हणून पण चालतो आणि क्रियापद म्हणून पण. आमचे सीनियर टेबलाकडे हात करून 'गॉशिगी चोम काजॉवा' म्हणायचे, ते जरा घेऊन ये, आता 'ते' म्हणजे फाईल की चार्जर हे समोरच्याने ओळखायचं. आणि एखाद्याला तोंडावर नाही म्हणायचं जिवावर आलं की 'चोम गॉशिगीहॉने', जरा अवघडच आहे, आणि विषय तिथेच बंद! सोलवाला हादा ('करणे') म्हणतो तिथे चॉल्लावाले हॉदा म्हणतात, म्हणून हे 'हॉने'.

ओळखायची ट्रिक सांगतो, शब्दानंतर माणूस थांबला तर तो फिलर, म्हणजे नुसता वेळ काढायचा शब्द, आणि त्याला 'गा', 'रुल' असले प्रत्यय किंवा 'हॉदा' चिकटलं तर तो कशाच्या तरी बदली आलाय, मग आधी काय चाललं होतं ते आठवा. संदर्भ माहीत नसेल तर कोरियन माणूस पण गार. २००३ च्या ह्वांगसानबॉल नावाच्या विनोदी पिक्चरमध्ये हाच जोक आहे, इ.स. ६६० ची लढाई, तेव्हाच्या पेकचे राज्याचा सेनापती चॉल्ला बोलीत गॉशिगी गॉशिगी करतो आणि शत्रू असलेल्या शिल्ला राज्याची माणसं त्याला सीक्रेट कोड समजून डोकं खाजवत बसतात.

बाकी हा गावंढळ शब्द वगैरे काही नाही हां, कोरियाच्या प्रमाण शब्दकोशात आहे. फक्त लाजेच्या अवयवांना पण लोक गॉशिगीच म्हणतात, त्यामुळे नवीन शिकताय तर ऑफिसात जरा जपून.